येसूबाईंचा फेब्रुवारी

सोमवार, रात्री

येसूबाईंवरच्या माझ्या कादंबरीतलं रायगडाचं प्रकरण भाचीला वाचायला दिलं होतं. तिचा फोन आला. "मावशी, सगळं आहे, पण दोघांचं भांडण कुठंय? तिचा भाऊ औरंगजेबाला जाऊन मिळालाय आणि नवरा-बायको एकदाही समोरासमोर येत नाहीत?"

तिचं काही चुकलं नाही. राजघराण्यातल्या लग्नावरची कादंबरी म्हटली की वाचक त्या प्रसंगाची वाट बघत असतो. महालात समया, राणी पाठमोरी, राजे येरझाऱ्या घालताहेत, आणि मग तीन पानं दोघंही नाटकातल्यासारखं बोलतात. "आम्ही आधी छत्रपती आहोत" वगैरे. असली वाक्यं हाताला फार पटकन येतात, म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. संभाजीराजे आणि येसूबाई यांच्यात ताण नव्हता असं मी म्हणत नाही. पण तो एखाद्या रात्री सुरू झाला आणि दुसऱ्या रात्री मिटला, असा नव्हता. तो लग्नाच्या याद्यांतच होता.

१६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं. तिथले सुर्वे पळाले आणि त्यांच्या पदरी असलेले पिलाजी शिर्के स्वराज्यात आले. कोकणातलं हे मातब्बर घराणं नुसतं नोकरीत घेऊन भागणार नव्हतं, म्हणून साटंलोटं झालं. पिलाजींची लेक संभाजीराजांना दिली आणि महाराजांची लेक राजकुंवरबाई पिलाजींच्या मुलाला, गणोजीला. म्हणजे राजकुंवर ही येसूबाईंची नणंदही आणि भावजयही. गणोजी संभाजीराजांचा मेहुणा, तोही दोन्हीकडून. एका घरात वाजलं की दुसऱ्या घरातल्या लेकीच्या जिवाला घोर. अशा लग्नात बाईने "माहेर की सासर" असं निवडायचं म्हटलं, तर निवडायचं काय? माहेरी सासरची लेक बसलेली आहे.

हे भाचीला फोनवर सांगायला लागले तर म्हणाली, "हे गुंतागुंतीचं आहे, वाचक कंटाळेल." बघू.

मंगळवार

आज वतनाचा मजकूर. वाचक खरंच कंटाळण्याची शक्यता इथे आहे, पण हा भाग गाळला तर गणोजी नुसता खलनायक उरतो आणि येसूबाई नुसत्या रडत बसतात.

स्वराज्याची रीत अशी की चाकरीचा मोबदला शक्यतो रोख, वंशपरंपरेने गाव तोडून द्यायचे नाहीत. वतनदार आपापल्या गढीत राजा होऊन बसतो, हे महाराजांनी आदिलशाहीत डोळ्यांनी पाहिलेलं. पण शिर्क्यांचं म्हणणं असं, की दाभोळच्या देशमुखीचा शब्द आपल्याला दिलेला आहे. राजकुंवरबाईला मुलगा झाला की त्याच्या नावे ती होणार. थोरले महाराज गेले आणि तो शब्द संभाजीराजांच्या गळ्यात पडला. त्यांनी वडिलांची रीत धरली, वतन दिलं नाही. सातबाऱ्यावर नाव लावण्यावरून भाऊ एकमेकांच्या दारात जाईनासे होतात, तसंच हे. फरक एवढाच, की इथे रुसलेला भाऊ निघून गेला तो बादशाहाच्या छावणीत, आणि बादशाह तेव्हा लाखांची फौज घेऊन दक्षिणेत उतरलेला.

एक गोष्ट लिहिताना सतत डोळ्यांसमोर ठेवायची आहे: राजे आणि शिर्के, दोघंही आपापल्या जागी शब्दाला धरून होते. एक राज्याच्या रीतीला, दुसरा लग्नात मिळालेल्या वचनाला. येसूबाईंना दोन्ही बाजू कळत असणार. दौलतीचा कारभार पाहणाऱ्या बाईला वतन का द्यायचं नाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कारभारावरून त्यांची मुद्रा आठवली. "श्री सखी राज्ञी जयति." यावर लोक फार हळवं लिहितात. मला ती मुद्रा पाहिली की प्रेमापेक्षा काम दिसतं. कागद येताहेत, निवाडे होताहेत, पत्रांवर शिक्का उमटतोय आणि राजे जंजिऱ्यावर, नाहीतर पोर्तुगिजांवर, नाहीतर मोगलांच्या पाठीवर. नऊ वर्षांच्या कारकिर्दीत हा माणूस सलग घरी राहिला कधी? त्यांच्या संसाराचा मोठा भाग कागदांच्या ये-जा करण्यात गेला असणार. मला हे कोणत्याही समयांच्या प्रसंगापेक्षा जास्त जवळचं वाटतं.

गुरुवार, पहाटे

झोप लागली नाही. सोयराबाईंचा विचार चालू होता.

त्यांना चेटकीण करणं सोपं आहे. मराठीत ते इतक्या वेळा झालंय की आता नुसतं नाव आलं तरी वाचक भुवया आवळतो. माझ्या प्रकरणात त्या सासू आहेत. सावत्र, महत्त्वाकांक्षी, आणि दहा वर्षांच्या मुलाची आई. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो, मोरोपंत यांच्या साथीने राजारामांना त्याच महिन्यात मंचकावर बसवलं आणि पन्हाळ्याकडे माणसं निघाली, संभाजीराजांना कैद करायला. बेत फसला तो सोयराबाईंच्या भावामुळे. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी बहिणीची बाजू घेतली नाही, मंत्र्यांनाच धरून संभाजीराजांपुढे उभं केलं.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. एक भाऊ राज्यासाठी बहिणीच्या विरोधात गेला, हंबीरराव. दुसरा वतनासाठी बहिणीच्या नवऱ्याच्या विरोधात गेला, गणोजी. दोन्ही बहिणी रायगडावर, सासू आणि सून. कादंबरीकाराने मुद्दाम रचलं असतं तर संपादकाने "जरा जास्तच जुळवून आणलंय" म्हणून खोडलं असतं.

संभाजीराजांनी पहिल्या खेपेला मंत्र्यांना माफ केलं, १६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक करवून घेतला. मग त्याच वर्षी दुसरा कट. या वेळी माफी नाही. अण्णाजी दत्तो हत्तीच्या पायी गेले आणि त्यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही. सोयराबाईही त्याच वर्षी वारल्या. त्यांच्या मृत्यूबद्दल बखरीत जे भयंकर लिहिलंय ते मी वापरणार नाही. भिंतीत चिणलेली सासू आली की पुढची दोनशे पानं वाचक तिथेच अडकून राहतो.

पण बाळाजींचा प्रसंग हवा. चिटणिशी बखर म्हणते, की बाळाजींना मारलं हे बरं केलं नाही, असं येसूबाईंनी राजांना तोंडावर सुनावलं. हाच तो प्रसंग, भाचीला हवा असलेला! नवरा-बायको समोरासमोर. अडचण एकच. बखर लिहिणारे मल्हार रामराव हे बाळाजींच्याच वंशातले, आणि लिहिलं ते सव्वाशेहून जास्त वर्षांनी. आपल्या पूर्वजाच्या निर्दोषपणाची साक्ष महाराणीच्या तोंडून वदवून घेण्याचा मोह कुणाला होणार नाही? तरी मी तो प्रसंग घेतला आहे, दोन-चार ओळींत. कारण बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढेही छत्रपतींच्या चाकरीत राहिला, ही गोष्ट पक्की आहे. बापाला हत्तीच्या पायी देणाऱ्या घराशी पोरगा आयुष्यभर इमान राखतो, म्हणजे त्या घरात कुणीतरी त्याच्याशी माणुसकीने वागलं असणार. कुणी, ते मी ठरवलंय. कादंबरीकाराला एवढी मुभा आहे.

शनिवार

आजचा दिवस लिहिण्यात गेला. स्वयंपाक कुणी केला तेही लक्षात नाही (मी नाही, एवढं नक्की).

१६८८ च्या पावसाळ्यानंतर शिर्के राजांच्या विश्वासातल्या कवी कलशावर उठले. कलश खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या आसऱ्याला गेले, राजे रायगडावरून मदतीला आले, शिर्क्यांना मारून काढलं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, हे दोन-तीन ओळींत उरकलंय. त्या ओळींत काय आहे? जावई सासुरवाडीवर चालून गेला. आणि जिथे तो काही आठवड्यांनी सापडला ते संगमेश्वर शृंगारपुराला लागूनच. १ फेब्रुवारी १६८९. मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून आला. वाट कुणी दाखवली यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या कादंबरीत गणोजी मशाल घेऊन पुढे चालणार नाही. मला त्याची गरजच नाही. ज्या मुलखात राजांना सासरच्या माणसांचा आधार असायला हवा होता, तिथेच तो नव्हता. इतकं पुरे आहे.

आता खरा भाग. बातमी रायगडावर आली तेव्हा राजे जिवंत होते. हे आपण विसरतो, कारण पुढचं आपल्याला ठाऊक असतं. ११ मार्चपर्यंत ते जिवंत होते. आणि त्याच फेब्रुवारीत राजारामांचं मंचकारोहण झालं.

मुलगा शाहू सात वर्षांचाही नाही, पण गादीचा वारस तो. त्याला बसवून आईने मुखत्यारी चालवायची, हा उघड मार्ग होता. मुद्रा हातात होती, कारभाराची सवय होती. राजाराम तेव्हा एकोणिशीचे आणि गडावरच नजरकैदेत. ज्या दिराला गादी मिळावी म्हणून सासूने आपल्या नवऱ्याच्या हातात बेड्या घालायला माणसं पाठवली होती, त्याच दिराला बाहेर काढून मंचकावर बसवायचं. शकावलीत हे करणाऱ्यांची नावं चांगोजी काटकर आणि येसाजी कंक अशी आहेत. निर्णय मात्र परंपरेने येसूबाईंचा मानला आहे. आणि राजे कैदेत असताना रायगडावर इतकी मोठी गोष्ट महाराणीला डावलून झाली असेल, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

सकाळपासून मी त्या खोलीत आहे. "भाऊजी, तुम्ही बसा." याच्या पुढे त्यांना काय बोलायला लावायचं? त्याग वगैरे शब्द माझ्या येसूबाई उच्चारणार नाहीत. त्या हिशोब मांडतात. लहान मूल मंचकावर असलं तर गड सोडता येणार नाही, आणि गडावर अडकलेलं राज्य गडाबरोबर पडेल. तरणा राजा घोड्यावर बसून निघून जाऊ शकतो. तो फिरता राहिला तर राज्य फिरतं राहील. आणि गड कुणीतरी लढवायचा असतो, तोवर शत्रू इथेच गुंतून पडतो. तेवढं मी बघते.

आणि या हिशोबात एक रकाना असा आहे, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही: दिराला गादीवर बसवणं म्हणजे नवरा परत येणार नाही, हे त्याच्या हयातीतच मान्य करणं. बादशाहाकडे सौदा करायला आता छत्रपती उरला नाही, उरला फक्त एक कैदी. राजांच्या सुटकेची किंमत येसूबाईंनी स्वतःच्या हाताने पाडून टाकली. राजांनीही हेच केलं असतं, हे त्यांना ठाऊक असणार. माझ्या दृष्टीने या लग्नातला सगळ्यात जवळचा क्षण हा आहे, आणि त्यात नवरा समोर नाही.

सोयराबाई असत्या तर? हे एक वाक्य लिहून ठेवलंय. राजारामांच्या तोंडी: "मांसाहेबांना हवं होतं ते तुम्ही दिलंत, वहिनीसाहेब." येसूबाई उत्तर देत नाहीत, पुढचा कागद मागतात. हे वाक्य राहील की जाईल, अजून ठरत नाही. जरा चटकदार झालंय.

रविवार, दुपारी

पुढचं थोडक्यात, कारण हे प्रकरण इथे संपतं आणि पुस्तक संपत नाही. ५ एप्रिलला राजाराम गडाबाहेर पडले, प्रतापगड, पन्हाळा करत शेवटी तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात पोचले. रायगडाला मोगलांचा वेढा चालू राहिला. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई, शाहू, इतर राजस्त्रिया औरंगजेबाच्या छावणीत गेल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले. आईला ओलीस ठेवून घेतलं. त्या परत आल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीहून. तीस वर्षं. दिराला दिलेली गादी मधल्या काळात त्यांच्या मुलाला सहज परत मिळाली नाही, हेही लिहायला हवं. राजाराम गेल्यावर ताराबाईंनी, म्हणजे हंबीररावांच्या लेकीने आणि सोयराबाईंच्या भाचीने, शाहूंचा हक्क नाकारला आणि १७०७ मध्ये खेडला चुलती-पुतण्याच्या फौजा एकमेकींवर गेल्या. फेब्रुवारीतल्या हिशोबाची ही बाकी. ताराबाईंचंही बरोबर होतं, असं म्हणणारा वाचक मला हवा आहे.

पण मला सारखं खुणावतंय ते जिंजीचं प्रकरण. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा, १६९७ चा शेवट, राजारामांना बाहेर काढायचंय. वेढ्यात मोगलांच्या बाजूने कोण? गणोजी शिर्के. त्याला फोडायला कोण गेलं? खंडो बल्लाळ, बाळाजी आवजींचा मुलगा. गणोजीने मागितलं काय असेल, तर वतन. परंपरा सांगते, की खंडो बल्लाळाने स्वतःचं वतन त्याला लिहून दिलं आणि मग राजाराम वेढ्यातून निसटले. तोवर राजारामांनी सगळीकडे वतनं द्यायला सुरुवात केलीच होती; संभाजीराजांनी जीव जाईतो धरलेली रीत नऊ वर्षांत मोडून गेली होती, आणि राज्य वाचवायला ती मोडावीच लागली.

गणोजीला बहिणीची आठवण करून द्यावी का, हा प्रश्न आहे. खंडो बल्लाळ हुशार माणूस, तो वतनाचंच बोलेल. बहिणीचं नाव त्याच्या तोंडून काढायचं नाही, असं ठरवते आहे. ते गणोजीने काढावं, आणि तेही कागदावर शिक्का झाल्यावर. आधी काढलं तर तो पश्चात्ताप वाटेल, आणि पश्चात्ताप करणारा गणोजी मला पटत नाही. उद्या इथूनच सुरुवात.