मॉनिटर एसआरजीबीत, प्रोफाइल नेटिव्हचं

पोर्ट्रेटची एक मोठी ऑर्डर ग्राहकाकडून परत आली होती. चेहरे नारिंगी, लाल कपडे भडक आणि काही ठिकाणी लाल कापडातल्या चुण्याच गायब. एडिट करणाऱ्या छायाचित्रकारांच्या मॉनिटरवर मात्र हेच फोटो फोटोशॉपमध्ये नीट दिसत होते. मला बोलावलं तेव्हा त्यांचा सगळा राग फोनवर होता: "फोन रंग वाढवूनच दाखवतात." काही फोन दाखवतातही, आणि एकट्या फोनला मी कधी पुरावा मानत नाही. पण वेगवेगळ्या बनावटीचे दोन-तीन फोन एकच तक्रार करत असतील, तर आधी फाइल तपासायची.

मॉनिटर वाइड गॅमटचा होता. गॅमट म्हणजे पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला; याचा साधारण डिस्प्ले पी३ या मानकाएवढा. कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी, नीट केलेलं होतं, पडद्याचे रंग मोजणारा कलरीमीटरही चांगला होता. तीच जेपीईजी फोटोशॉपमध्ये आणि रंगव्यवस्थापन (फाइलचे आकडे पडद्याच्या प्रोफाइलनुसार, म्हणजे तो कोणते रंग दाखवतो त्या नोंदीनुसार बदलून पाठवणं) न करणाऱ्या एका साध्या व्ह्यूअरमध्ये शेजारी-शेजारी उघडली. व्ह्यूअरमध्ये रंग जास्त गडद, फोटोशॉपमध्ये सौम्य. वाइड गॅमट मॉनिटरवर असंच दिसायला हवं, कारण साधा व्ह्यूअर फाइलमधले आकडे जसेच्या तसे पडद्याकडे ढकलतो आणि पडद्याचा लाल एसआरजीबी या नेहमीच्या, लहान गॅमटच्या मानकातल्या लालपेक्षा तीव्र असतो. म्हणूनच "फोटोशॉपवर विश्वास ठेवा" असा सल्ला त्यांना मिळाला होता. एरवी तो सल्ला बरोबरच असतो.

खटकली ती एक बारीक गोष्ट. साध्या व्ह्यूअरमधला चेहरा फोनवरच्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळत होता. पडदा खरोखर पूर्ण गॅमटमध्ये चालू असता, तर व्ह्यूअरमधला चेहरा फोनपेक्षाही भडक दिसला असता.

केबल डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयवर गेलेली दिसली, तेव्हा आधी लिमिटेड रेंजचा संशय तपासून घेतला. ग्राफिक्स कार्ड १६ ते २३५ पाठवत असेल आणि मॉनिटर ० ते २५५ धरून बसला असेल, तर काळा राखाडी होतो आणि पांढरा मंद. ० ते २५ आणि २३० ते २५५ अशा पट्ट्या काढल्या. दोन्ही टोकं वेगळी ओळखू येत होती, काळाही काळाच होता. रंगांत फरक पाडणारे नाइट लाइट आणि एचडीआर बंद होते. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी फोटोशॉपमध्ये पाहिली: कुठेही हिरवट किंवा गुलाबी झाक नाही.

ही राखाडी पट्टी बरंच काही सांगते. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) चुकला असेल किंवा कॅलिब्रेशनचे वक्र ग्राफिक्स कार्डात चढले नसतील, तर दोष राखाडीत दिसतो. राखाडी स्वच्छ आणि रंग मात्र चुकीचे, तर गडबड प्राथमिक रंगांत असते: प्रोफाइल एका गॅमटचं वर्णन करतंय आणि पडदा दुसराच गॅमट दाखवतोय. लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल सारखे असले की गॅमट बदलूनही ते जवळपास सारखेच राहतात, त्यामुळे राखाडीला याचा पत्ताही लागत नाही.

मॉनिटरचा मेनू उघडला. ब्राइटनेस आणि आरजीबी गेन (लाल, हिरव्या, निळ्याचं प्रमाण) करडे पडलेले, हलत नव्हते. पिक्चर मोड एसआरजीबी. बऱ्याच मॉनिटरांत या मोडमध्ये हे नियंत्रण बंद असतं. प्रत्येक इनपुटचा मोड वेगळा लक्षात ठेवणारे मॉनिटर असतात आणि हा त्यांपैकीच होता: डिस्प्लेपोर्टवर नेटिव्ह (पडद्याचा स्वतःचा पूर्ण गॅमट), एचडीएमआयवर एसआरजीबी. केबल बदलल्यावर विंडोजनेही हा नवाच मॉनिटर धरला आणि जुनं प्रोफाइल सुटलं. ते कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन कुणीतरी हाताने परत जोडलं होतं. प्रोफाइल उत्तम होतं, फक्त वेगळ्या मोडचं.

आता आकडे पाहा. एसआरजीबी फाइलमधला शुद्ध लाल २५५, ०, ०. पडदा पी३ आहे असं प्रोफाइल सांगतंय, म्हणून फोटोशॉप तो लाल साधारण २३४, ५१, ३५ करून पाठवतं. पी३ पडद्यावर त्यातून नेमका एसआरजीबीचा लाल उमटला असता. पण पडदा एसआरजीबी मोडमध्ये असल्याने त्याने २३४, ५१, ३५ हा फिकट लालच दाखवला. त्वचा फिकी वाटली, म्हणून सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स (रंगांची तीव्रता) वाढवले गेले. डोळ्यांनी काम चोख केलं होतं. त्यांच्यासमोर आलेलं चित्रच खोटं होतं.

खात्री करायला फार वेळ लागत नाही. कलर मॅनेजमेंटमध्ये 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर खूण ठेवून एसआरजीबीचं प्रमाणित प्रोफाइल तात्पुरतं डिफॉल्ट केलं आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं. प्रोफाइल बदलल्यावर ते पुन्हा सुरू केलेलंच बरं, नाहीतर जुनंच चित्र बघत वाद घालत बसतो आपण. आता फोटोशॉपमधला चेहराही नारिंगी. छायाचित्रकार काही बोलले नाहीत, फोन उचलून पडद्याशेजारी धरला आणि मान हलवली.

कायमचा उपाय त्यानंतरचा. मॉनिटर परत डिस्प्लेपोर्टवर घेतला, नेटिव्ह मोड लावला, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा सेन्सर बंद केला आणि अर्धा तास तापू दिला. लक्ष्य: व्हाइट पॉइंट डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा), उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटर. उजेड बॅकलाइटनेच कमी करायचा. सॉफ्टवेअरच्या वक्रांवर तो भार टाकला की छटांच्या पायऱ्या वाया जातात आणि ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसू लागतात. कलरीमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार वाइड गॅमट एलईडी निवडला. इथे साधा एलईडी राहिला, तर मोजमाप पूर्ण होतं, अहवालही छान येतो आणि तरीही पांढरा डोळ्यांना रंगीत दिसतो. प्रोफाइल मॅट्रिक्स प्रकारचं, म्हणजे मोजक्या आकड्यांच्या सूत्राचं, आयसीसी या प्रमाण स्वरूपाच्या आवृत्ती २मधलं. टेबलवालं, म्हणजे मोठ्या तक्त्याचं, प्रोफाइल कागदावर जास्त अचूक, पण काही प्रोग्रामना ते पचत नाही. फाइलच्या नावात मोड, इनपुट आणि तारीख घातली. जुनं प्रोफाइल मात्र काढू दिलं नाही, ते अजून लागणार होतं.

कारण बिघडलेल्या फाइली. रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ फाइली) आणि लाइटरूमचं काम सोपं, वाढवलेले स्लायडर मागे घ्यायचे. प्रश्न होता लेयर सपाट करून जपलेल्या जेपीईजींचा, रिटचिंगचे तास त्यांत गेले होते. पण खोटं चित्र नेमक्या कोणत्या गणिताने तयार झालं हे माहीत असेल, तर तेच गणित फाइलीवर चालवता येतं. फाइल १६ बिटमध्ये नेली, 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'ने (यात रंग तोच राहतो, आकडे बदलतात) त्या जुन्या नेटिव्ह प्रोफाइलमध्ये बदलली, इंटेंट (रंग बदलण्याची पद्धत) रिलेटिव्ह कलरीमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (काळ्याची जुळणी) चालू. मग 'असाइन प्रोफाइल'ने (यात आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो) एसआरजीबी लावलं. पहिली पायरी फोटोशॉपने पडद्याला पाठवलेले आकडे तयार करते, दुसरी पायरी ते एसआरजीबी मोडमधल्या पडद्याने कसे दाखवले ते सांगते. एडिट करताना दिसलेले रंग आता फाइलीत उतरले. या पायऱ्यांची ॲक्शन नोंदवून सगळ्या फोल्डरवर बॅचने चालवली.

काही फाइली या बॅचमध्ये टाकायच्या नव्हत्या. मध्यंतरी कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस (फोटोशॉपचं कामाचं रंगमानक) म्हणूनच मॉनिटर प्रोफाइल निवडलं गेलं होतं, आणि तेव्हाच्या फाइलींत एसआरजीबीऐवजी तेच जडवलेलं होतं. फाइलमधली माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूलने प्रोफाइलचं वर्णन वाचून त्या बाजूला काढल्या. एरवी अशा फाइलीवर असाइन करणं म्हणजे रंग बिघडवणं, तिथे कन्व्हर्टच करायचं. इथे नियम उलटा होता: फाइलीचं आणि मॉनिटरचं प्रोफाइल एकच असल्यामुळे फोटोशॉपने काहीच बदललं नव्हतं, आकडे थेट एसआरजीबी पडद्यावर गेले होते. त्यामुळे नुसतं एसआरजीबी असाइन केलं की पाहिलेला रंग परत. वर्किंग स्पेस एसआरजीबी केली, जडवलेलं प्रोफाइल जपण्याचा पर्याय ठेवला आणि प्रोफाइल वेगळं असेल तर उघडताना विचारण्याची खूण लावली.

लाल कपडे राहिले. सॅच्युरेशन वाढवताना लाल चॅनेल २५५ला टेकला होता, चुण्यांचा तपशील तिथेच कापला गेला. कोणतंही प्रोफाइल तो परत आणत नाही. ते फोटो रॉपासून पुन्हा काढले, तेवढ्या कापडावर मास्क घेऊन सुधारलेल्या जेपीईजीवर चढवले, चेहऱ्यांचं रिटचिंग होतं तसंच ठेवलं.