बिलीचे दोन आवाज

आज दिवसभर अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ऐकली. सकाळी मेथी निवडताना टेडी विल्सनच्या पियानोसोबतची, १९३०च्या दशकातली गाणी लावली होती. विशीतला लख्ख आवाज. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते आणि समेवर यावं तशी अलगद पोचते. तिच्या दोन ओळींमधल्या जागा लेस्टर यंगचा सॅक्सोफोन असा भरतो, की दोघं हळू आवाजात बोलत बसलेत असं वाटतं. 'लेडी डे' हे नाव त्यानंच तिला दिलं.

संध्याकाळी 'लेडी इन सॅटिन' लावला, १९५८चा. मधल्या काळात अमली पदार्थांच्या खटल्यात १९४७ साली तुरुंगवास, मग परवाना गेला आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गाणं बंद. आवाज घोगरा झालाय, चिरलाय. मागे व्हायोलिनं मात्र मऊ मऊ. माझं हातातलं काम थांबलंच. काहींना हा आल्बम ऐकवत नाही. मला तोच जास्त जवळचा. एकेक शब्द उचलून, वजन बघून ठेवते ती. पुढच्याच वर्षी गेली, अवघी ४४ वर्षांची.

आता दुसऱ्यांदा लावलाय. आईनं आतून विचारलं, "गातेय का रडतेय गं ही?"

मी आवाज थोडा वाढवला.