पडद्याच्या मागून

वैशाखातल्या भर दुपारी जळगावात घराबाहेर पडणे जिवावर येते, म्हणून दारे-खिडक्या लावून, कूलरसमोर खुर्ची ओढून मी टीव्हीवर लागलेला एक जुना कृष्णधवल चित्रपट पाहत बसलो होतो. टीव्हीचा आवाज सकाळपासून गेलेला होता. पडद्यावर एक बाई खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती आणि दारात उभा असलेला तिचा नवरा तिला काहीतरी सांगत होता. कॅमेरा मात्र त्याच्याकडे न वळता तिच्याच चेहऱ्यावर थांबून राहिला होता. सुपातल्या दाण्यांवरून फिरणारी तिची बोटे थबकली, सापडलेला खडा तिने चिमटीत धरला आणि तो टाकून द्यायचे ती विसरून गेली. घरातले कोणीतरी गेले असणार, असे मी ठरवूनही टाकले.

शब्दांवाचून चित्रपट पाहण्याची मला जुनी सवय आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी अमळनेरला आली, की संत सखाराम महाराजांची यात्रा उरकेपर्यंत आमचा मुक्काम हलत नसे. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात यात्रेच्या गर्दीत टुरिंग टॉकीजचा तंबू लागे आणि तिथल्या डोअरकीपरशी मामांची ओळख असल्यामुळे मला आणि आजीला फुकट प्रवेश मिळे, पण तो पडद्याच्या मागच्या बाजूला. कापड पातळ असल्याने चित्र इकडूनही स्वच्छ दिसे, फक्त उलटे. कर्ण्यांची तोंडे पैसे भरणाऱ्यांकडे असल्यामुळे आमच्या वाट्याला संवादांची नुसती घरघर येई. झाडून सगळे नायक डावखुरे, पाट्यांवरची अक्षरे आरशातली आणि नायिकांचे पदर उजव्या खांद्यावर! आजीने पहिल्याच दिवशी मला विचारले होते, ‘‘का रे भाऊ, या बाया गुजराथन्या शेतस का?’’

नवल असे, की उजव्याचे डावे झाले तरी गोष्ट कुठे बिघडत नसे. याचे कारण मला फार उशिरा कळले. समोरासमोर बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये दिग्दर्शक मनाशी एक रेघ धरतो आणि कॅमेरा सहसा तिच्या एकाच अंगाला ठेवतो, त्यामुळे एक जण कायम उजवीकडे पाहतो, दुसरा डावीकडे, आणि वेगवेगळ्या दिवशी चित्रित झालेल्या त्यांच्या नजरा कापडावर एकमेकींना भेटतात. मागून पाहिले तरी त्या भेटतातच. चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रीळ संपण्याच्या किंचित आधी चमकून जाणारा गोल ठिपकाही आम्हाला डाव्या कोपऱ्यात दिसे. तो असतो ऑपरेटरने दुसरे प्रोजेक्टर सुरू करावे म्हणून. तंबूत प्रोजेक्टर एकच, त्यामुळे ठिपका दिसला की दिवे लागणार हे ठरलेले, आणि मी शेंगदाण्यांसाठी आधीच उठून उभा राही. आजही चित्रपटगृहात माझी नजर अधूनमधून त्या कोपऱ्याकडे जाते. डिजिटलच्या जमान्यात तिथे काहीही नसते, हे ठाऊक असूनही जाते.

ऐकू न येणाऱ्याने पाहायचे तरी काय? मी ऐकणाऱ्यांना पाहत असे. बोलणाऱ्या नटाला निदान वाक्याचा आधार असतो. समोरच्याला नुसते उभे राहून तेच वाक्य आयुष्यात प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकायचे असते, तेही कदाचित सातव्या टेकला. यात स्मिता पाटीलचा हात धरणारे मला कमीच दिसले, आणि घराणे आमच्या खानदेशातल्या शिरपूरचे म्हणून मी हे म्हणतो, असा आरोप कोणी केला तर तो मी अर्धा मान्य करीन. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचताना थेट कॅमेऱ्यात पाहणारी ही मुलगी पुढे अभिनयात त्याच कॅमेऱ्याला जणू विसरूनच गेली. ‘भूमिका’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या अभिनयातही समोरचा बोलत असताना तिच्या डोळ्यांत काय होते, तेच मी पुन्हा पुन्हा पाहतो. या हट्टापायी कथानक हातून सुटते आणि मग शेवटी कोणी कोणाला का मारले, हे मला घरच्यांना विचारावे लागते.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला, तेव्हा टीव्ही दुरुस्तीला टाकण्याचा विषय निघाला. त्याने मला रिमोटवरचे एक बटण दाबायला सांगितले आणि आवाज आला. माझ्याच हातून ते सकाळी दाबले गेले असावे. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच चित्रपट पुन्हा लागला. तांदूळ निवडणारी बाई आली, नवरा दारात येऊन उभा राहिला आणि हसतच तिला म्हणाला, की मुलाला मुंबईला नोकरी लागली, सोमवारी जायचे आहे. तिची बोटे थबकली, खडा चिमटीतच राहिला.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन मागे कधी उभी राहिली, ते मला कळले नव्हते. ‘‘आवाज बंदच ठेवा ना,’’ ती म्हणाली.