वेताळ टेकडीवरून सिंहगड: आकाशाचा मधला पट्टा जमला

मंडळी, सिंहगडाच्या पोस्टरचं आकाश एकदाचं मनासारखं झालंय. ग्रेडियंटची, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटेची, दोन टोकं कुणीही निवडतं हो, खरा कस लागतो तो मधल्या पट्ट्यात, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितोय.

चित्र असं आहे की थंडीतली संध्याकाळ, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून दक्षिणेकडं बघतोय, डोंगरांचे थर एकामागे एक आणि सगळ्यात मागे टीव्ही टॉवरसकट सिंहगड. चित्र काढायचं सॉफ्टवेअर नेहमीचंच, इंकस्केप.

क्षितिजाला केशरी घेतला (२४२, १४०, ४०; हे आकडे लाल, हिरवा, निळा यांचे, ० ते २५५) आणि वर निळा (४०, ६०, १२०). आता नुसते हे दोनच स्टॉप (ग्रेडियंटवर रंग नेमून दिलेल्या जागा) ठेवले तर बरोबर मध्यावर येतो (१४१, १००, ८०), म्हणजे चक्क मातकट तपकिरी! कारण प्रोग्राम लाल, हिरवा, निळा या तिन्ही आकड्यांची सरळ सरासरी काढत जातो, आणि केशरी-निळा हे रंगचक्रावर जवळपास समोरासमोरचे रंग, त्यामुळे मध्ये दोघांचाही तजेला मरतो. खऱ्या आकाशात हा तपकिरी चिखल नसतोच, केशरीच्या वर फिकट पीच, मग धुरकट जांभळट गुलाबी आणि मग कुठे निळा. म्हणून कीबोर्डवर G दाबून ग्रेडियंट टूल घ्यायचं, रेषेवर डबलक्लिक करून नवे स्टॉप टाकायचे, मी दोन टाकले, पीच (२३५, १९०, १६५) आणि जांभळट (१७०, १४५, १७०). पण त्यांची जागा फार महत्त्वाची, समान अंतरावर ठेवले की आकाश सरबताच्या ग्लाससारखं दिसतं. उबदार रंग सगळे खालच्या एक तृतीयांशात दाटीवाटीनं बसवले, वरचा बाकी सगळा भाग निळ्याला मोकळा सोडला, आणि तेव्हा कुठे त्याला उंची आली. माझ्या मते संपूर्ण पोस्टरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

मावळतीची झळाळी वेगळी, ती रेडियल, म्हणजे केंद्रातून गोलाकार पसरणारा ग्रेडियंट. टेकडीवरून सिंहगड दिसतो साधारण दक्षिण-नैऋत्येला आणि डिसेंबरात सूर्य मावळतो त्याच्या बराच उजवीकडे, म्हणून गडामागे सूर्य दाखवणं मला पटत नाही, कितीही छान दिसलं तरी. मग रेडियलचं केंद्र चित्राच्या उजव्या कडेबाहेर नेलं आणि शिफ्ट दाबून मधलं हँडल ओढलं की फोकस, म्हणजे रंग जिथून पसरायला लागतो तो बिंदू, वेगळा सरकतो, त्यानं उजेड एका बाजूला झुकतो. बाहेरचा स्टॉप पारदर्शक करताना रंग तोच केशरी ठेवायचा, फक्त अल्फा (अपारदर्शकतेचा आकडा) शून्य. पारदर्शक काळा ठेवला तर कडेला राखाडी डाग उमटतो, कारण एसव्हीजीमध्ये (इंकस्केपच्या फाइलचा प्रकार) रंग आणि पारदर्शकता दोन्ही वेगवेगळे बदलत जातात.

डोंगरांना प्रत्येकी साधा उभा लिनियर, म्हणजे सरळ रेषेत बदलणारा ग्रेडियंट, माथा गडद आणि पायथा फिकट. उलटं वाटेल पण धुरकं दरीत साठतं ना, त्यामुळे पायथाच आधी विरघळतो. गड सरळ रेषेत अठरा-एकोणीस किलोमीटर लांब, तेव्हा त्याचा रंग आकाशाच्या जांभळटाला अगदी चिकटूनच, जेमतेम एक छटा गडद. मेश ग्रेडियंट (जाळीच्या प्रत्येक बिंदूला वेगळा रंग देणारं) इथं मुद्दाम टाळलं, इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून आहे आणि चेहऱ्यांना, फळांना मस्त आहे, पण ब्राउझर ते थेट दाखवत नाहीत आणि डोंगरांना त्याची गरजही नाही.

सलग छटेऐवजी वेगवेगळे पट्टे पडण्याचं म्हणाल तर वरच्या निळ्यात ते दिसतात, कारण आठ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या, आणि थोड्याशाच फरकाचे दोन निळे हजारभर पिक्सेलवर ताणले की एकेक पायरी डोळ्याला सापडते. चित्राची पीएनजी फाइल काढल्यावर त्यावर अगदी हलका नॉइज (बारीक दाणेदारपणा) मारला की जातं. नारायण पेठेत ए३ प्रिंट काढून बघितली, स्क्रीनवरचा केशरी कागदावर थोडा मंदावतोच, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंमध्ये) तेवढा झगझगीत केशरी येत नाही, म्हणून छापायच्या फाइलमध्ये पीच थोडा मंद केलाय, म्हणजे शेजारचा केशरी आपोआप तेजदार वाटतो.

आता राहिला टॉवर. तो रेषा म्हणून न काढता बारीक आयत म्हणून काढतोय, कारण अगदी उभ्या रेषेच्या चौकटीला रुंदी शून्य असते आणि ग्रेडियंट चौकटीच्या मापानं लावलेलं असेल तर तो उमटतच नाही. हातानं एसव्हीजीचा कोड लिहिणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. टॉवर झाला की फाइल टाकतो, आणि कुणी पावसाळी ढगाळ आकाश केलं असेल तर तुमचे मधले स्टॉप मला प्लीज सांगा, राखाडीत राखाडी मिसळताना काय करता ते बघायचंय.