आधी कोयती, मग बाकीचं

बागकामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी एक तयार संच मिळतो. छोटं फावडं, तीन दातांचा पंजा, काटा, हातमोजे, आणि सगळ्यांच्या मुठी एकाच पोपटी रंगाच्या. खोक्यावरच्या चित्रातली माती चहाच्या भुकटीसारखी भुसभुशीत असते. असल्या मातीत चमच्यानेही रोप लागेल, हत्यार कशाला? भेट द्यायला हा संच छान दिसतो, एवढं मान्य. कुंडीपुरती बाग असेल तर चालूनही जातो. पण गोव्यात चढावरच्या एखाद्या घराच्या परसात त्याने खड्डा घ्यायला जावं, तर फावडं मानेतच वाकतं.

त्यात फावड्याचा दोष नाही. आमची माती जांभ्याची. ज्या दगडाचे चिरे काढून घरं बांधली, त्याचीच ती झालेली, लोहाने तांबडी. खाणीतला चिरा कापताना मऊ असतो आणि उघड्यावर आला की टणक होत जातो. मातीनेही हा स्वभाव उचललाय. मे महिन्यात तिच्यावर कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं वाटतं आणि जूनच्या चार सरी पडल्या की तीच माती खुरप्याने निघते. म्हणजे खणायचे दिवस वर्षात मोजकेच, आणि ते ठरवणार पाऊस.

उरलेला वेळ काय करायचं? कापायचं. नवशिक्याला हे कुणी सांगत नाही. त्याला वाटतं बाग म्हणजे लावणं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा मुलखात लावणं हा बागकामाचा सोपा भाग आहे. जुलैत जास्वंद वाट अडवते, कृष्णकमळ विजेच्या तारेकडे निघतं, कुंपणाबाहेरची रानमोडी आत येते, आणि न लावलेलं सगळं लावलेल्यापेक्षा जोमाने वाढतं. त्यातला टायकिळा तेवढा क्षम्य, कारण तो कोवळा असतानाच हाताने खुडून खोबरं घालून भाजीत संपवता येतो. बाकीच्यांसाठी पातं लागतं. म्हणून मला कुणी विचारलं, पहिलं काय घेऊ, तर मी डोळे मिटून सांगते, कोयती.

ती खोक्यातून मागवू नये, हातात घेऊन बघावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पावसाळ्याच्या तोंडावर, सुकी मासळी, मिरच्या आणि सोलं भरायला लोटलेल्या गर्दीतून वाट काढत लोखंडी सामानापर्यंत जावं. गोणपाटावर विळे, कोयत्या, खुरपी मांडलेली असतात. पाती काळपट, घणाचे ठोके दिसणारी, फक्त धारेची कड पांढरी. चांगली पाती बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांची केलेली असतात. त्या पोलादाला धार लागते आणि राहते. गंजतंही ते, पण त्याला इलाज आहे. स्वस्तातलं स्टेनलेस गंजत नाही आणि पुष्कळदा नीट कापतही नाही. घरात शोभेला ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पात्याला टिचकी मारावी, स्वच्छ आवाज यायला हवा. एक डोळा मिटून धारेवरून नजर टाकावी, ती कुठे लचकत नाही ना. मग टोक बघावं. कोयतीचं टोक आत वळलेलं असतं, ते नखऱ्यासाठी नव्हे. फांदी त्यात अडकवून ओढता येते, आणि घाव चुकून खाली गेला तर आधी बाकदार पाठ जमिनीला लागते, धार दगडावर बसत नाही. शेवटी मूठ. मी मुठीकडे बघत राहिले तेव्हा विकणारी बाई म्हणाली, "पातें पळय गे बाय, दांडो मागीर." म्हणजे आधी पातं बघ, दांडा नंतर. बरोबरच होतं तिचं. मूठ कधीही बदलता येते. शिवाय उन्हाळ्यात लाकूड आवळून ती सैल होणारच. कोयती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की लाकूड फुगतं आणि मूठ घट्ट बसल्यासारखी वाटते, पण तो आठवड्याचा इलाज. पाचर मारून घेतलेली बरी.

दुसरी खरेदी कातरीची, म्हणजे सिकेटरची. तिच्यात दोन जाती. एकीत दोन्ही पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात, दुसरीत एक पातं सपाट पट्टीवर आपटतं. मोगरा, जास्वंद, गुलाब, कसलीही ओली फांदी असेल तर पहिलीच घ्यावी. दुसरी सुक्या काटक्यांना ठीक, ओल्या देठाला चेचते. स्प्रिंग पक्की आहे ना, हे दुकानातच दहा वेळा उघडझाप करून बघावं, दुकानदार वैतागला तरी. उडालेली स्प्रिंग गवतात सापडत नाही.

झारी लागते ती ऑक्टोबरनंतर. मोठीचा मोह होतो, पण दहा लिटर म्हणजे दहा किलो, विहिरीपासून शेवटच्या अळ्यापर्यंत. पाच लिटरच्या दोन घ्याव्यात, दोन्ही हात सारखे भरतात. हातमोज्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. ते जूनमध्ये भिजतात आणि चतुर्थी आली तरी वाळत नाहीत. खुरपं मात्र हवंच, बसून तण काढायला. आणि एक खोबरेल लावलेली चिंधी खुंटीला टांगलेली असावी. जुलैत रात्रभर अंगणात राहिलेलं पातं सकाळी तांबूस होतं. वापरून झालं की पुसायचं, चिंधी फिरवायची, संपलं.

पारई, म्हणजे पहार, मात्र विकत घेऊ नये. वाड्यावर कुणाकडे तरी असतेच, आणि तिचं काम वर्षातून एखादवेळी. नारळासाठी जांभ्यात मीटरभर खोल खड्डा घ्यायचा तर ती लागते, आणि तिच्या जोडीला मीठ. खड्ड्याच्या तळाला दोन किलो मीठ टाकून सहा महिने ठेवलं की कठीण थर मोकळा होतो, नारळ संशोधनवालेही हेच सांगतात. पाऊस ओसरला, जमीन अजून ओली आहे, तेव्हा खड्डा काढून मीठ घालावं आणि रोप पुढच्या मृगात लावावं. हा हिशेब मनात जुळवून मी नवरात्रात शेजारच्या काकांकडे पारई मागायला गेले.

"आता नाही गो," काका म्हणाले. "खंडेनवमीला पूजेत मांडायची आहे. दसरा होऊ दे, मग ने. आणि मीठ जाडं आण, ते पिशवीतलं बारीक नको."