तिसऱ्या कंडिशनलचे लीच: चोर निघाला ‘ड’

इंग्रजीतल्या जर-तर वाक्यांसाठी (कंडिशनल) अँकी या फ्लॅशकार्ड ॲपमध्ये कार्डं बनवतोय; त्यातली पहिल्या कंडिशनलची मागच्या फेरीत मार्गी लागली. ‘तू आलास तर’साठी ‘इफ यू केम’ न येता ‘इफ यू कम’ यायला लागलं, ‘व्हेन आय विल रीच’ही गेलं. तिसरी कंडिशनल, म्हणजे जे घडलंच नाही त्याबद्दलचं जर-तर, मात्र जागची हलेना. आठ लॅप्स (पाठ झालेलं कार्ड पुन्हा चुकणं) झाले की अँकी कार्डाला लीच, म्हणजे सतत चुकून वेळ खाणारं कार्ड, ठरवतं, आणि साठलेले लीच जवळपास सगळे एकाच चुकीच्या साच्याचे: ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’

‘माहीत असतं तर सांगितलं असतं’ म्हणताना आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असतं’. इंग्रजीत इफच्या बाजूला हॅड, दुसरीकडे वुड हॅव. हे पाठ असूनही चूक होत असेल तर खोट कार्डातच असणार. ती दोन जागी सापडली.

पहिली क्लोझमध्ये, म्हणजे वाक्यातले शब्द झाकून विचारणाऱ्या कार्डांत. झाकायच्या जागांना सी-१, सी-२ असे क्रमांक द्यायचे असतात; हॅड सी-१ आणि वुड हॅव सी-२ ठेवलं की दोन कार्डं बनतात. पहिल्यावर वुड हॅव उघडं दिसतं आणि हात तेच उचलून इफच्या बाजूला टाकतो. दोन्ही जागा सी-१ करा, म्हणजे एकदम झाकल्या जातील. एका कार्डात एकच गोष्ट हा नियम इथे खुशाल मोडावा.

दुसरी खोट ऑडिओत, आणि खरा वैताग तिथेच. बोलण्यात वाक्य असं येतं: ‘इफ आय’ड नोन, आय’ड हॅव टोल्ड यू.’ दोन्हीकडे तोच ‘ड’, पण पहिला हॅडचा, दुसरा वुडचा. ओळखायची रीत सोपी: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर हॅड, मूळ रूप असेल तर वुड. आय’ड सीन म्हणजे हॅड, आय’ड सी म्हणजे वुड. (आय’ड बेटर गो मधला हॅडच; त्याचं कार्ड वेगळं ठेवा.) कम, रन, पुट, कट आले की ही रीत कोलमडते, कारण त्यांचं पहिलं आणि तिसरं रूप एकच. नुसत्या ‘इफ ही’ड कम’वरून हॅड की वुड हे कोणीच सांगू शकत नाही. ती कार्डं ऑडिओ डेकमधून (कार्डांच्या गठ्ठ्यातून) सरळ काढली.

त्यांच्या जागी टेक घालायचा मोह होतो, पण ‘ही’ड टेकन’मध्ये ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये मुरतो. स्वराने सुरू होणारी क्रियापदं बरी: ‘इफ शी’ड आस्क्ड’, ‘इफ ही’ड ईटन’. फुकटच्या कृत्रिम आवाजांचा इथे भरवसा नाही. बरेचसे ‘ड’ गिळतात. अमेरिकन मालिकांतून वाक्यं उचलणाऱ्यांनीही जपून, तिथे बोलताना ‘इफ आय वुड हॅव’ सर्रास ऐकू येतं. परीक्षेत ते चूकच धरलं जाईल.

पुढची तुकडी खरं तर मिश्र कंडिशनलची होती: ‘औषध घेतलं असतं तर आता बरं वाटलं असतं’, म्हणजे इफच्या बाजूला हॅड टेकन, पण ‘आता’मुळे पुढे नुसतं वुड फील. हे लिहिता लिहिता मात्र दुसरंच सुचलं: नकार. वाक्य नकारार्थी करताना सहसा हॅडन्ट किंवा वुडन्ट यांपैकी एक निवडावं लागतं, नुसत्या ‘ड’आड लपता येत नाही. तेव्हा मिश्र थांबू दे, आधी प्रत्येक ‘ड’ कार्डाला नकारार्थी भावंड.

‘इफनंतर वुड कधीच नाही’ हे जुनं नियम-कार्डही उडवलं. ‘इफ यू’ड वेट हिअर’ ही सभ्य विनंती आहे आणि त्यातला ‘ड’ वुडचाच.

मोडल्सची (मस्ट, शुड, कुड अशा सहाय्यक क्रियापदांची) बाजू शांत आहे. ‘आला असावा’ला मस्ट हॅव, ‘यायला हवं होतं’ला शुड हॅव, ‘येऊ शकला असता’ला कुड हॅव, लॅप्स नगण्य. ‘आला असणं शक्य नाही’साठी कान्ट हॅव तेवढं घालायचं राहिलंय.

नकारार्थी कार्डं घालण्याआधी डेकच्या पर्यायांत ‘bury siblings’, म्हणजे भावंड कार्डं त्या दिवसापुरती लपवणं, चालू करा, आणि भावंडं एकाच नोटमधून (कार्डं जिच्यातून बनतात त्या नोंदीतून) बनवा. वेगवेगळ्या नोट केल्या तर अँकीला ती भावंडं वाटत नाहीत, दोन्ही एकाच दिवशी येतात आणि एक दुसऱ्याचं उत्तर फोडतं.