आमची वाटचाल: चार तासांचा पगार, सहा तासांचं काम

बालवर्ग चालवणाऱ्यांना पहिली तीन वर्षं कशी जातात हे सांगायला नको. खेळणी, परवाने, प्रवेश, सगळीकडे तेच. आमची खरी वाटचाल चौथ्या वर्षी सुरू झाली. त्या वर्षी सत्राच्या मध्यावर सहापैकी दोन ताई एकाच आठवड्यात शेजारच्या नव्या वर्गाकडे गेल्या.

तिकडे पगार १५ टक्के जास्त होता. मग कळलं की तो वर्षातले दहाच महिने मिळतो, सुट्टीचे दोन महिने बिनपगारी. म्हणजे आमच्या हिशेबाने वर्षाला साडेअकरा महिन्यांचा पगार, आणि आम्ही बारा महिन्यांचा देत होतो. पण नेमणुकीच्या पत्रावर महिन्याचाच आकडा असतो, आणि माणूस तोच वाचतो. शिवाय तिकडे एका मोठ्या माणसामागे १२ मुलं, आमच्याकडे ८. एवढ्यानेच दर मुलामागचा पगारखर्च एक तृतीयांशाने उतरतो. त्या जोरावर फीसुद्धा आमच्यापेक्षा कमी! याचा राग अजून गेलेला नाही, लपवत नाही.

दोघी गेल्यावर १६-१६ मुलांचे तीन गट चौघींवर आले. महिनाभरात ११ मुलं काढून घेतली गेली. त्यांच्या फीबरोबर पगाराचे पैसेही आटले. वर्ग बंद करण्याची नोटीस लिहून तयार होती. ती लावण्याआधी आमच्या भागीदार बाईंनी एक साधी रेघांची वही आणली आणि म्हणाल्या, ‘आधी ताई किती तास काम करतात ते लिहू.’

ती वही आजही आमचं सगळ्यात महत्त्वाचं अवजार आहे. रकाने पाच: मुलांसोबतचा वेळ, आधीची मांडणी, नंतरची आवराआवर आणि स्वच्छता, निरीक्षणाच्या नोंदी, घरी केलेलं साहित्य. नोंद त्याच दिवशी करायची. शनिवारी आठवून लिहिलेली वही कुचकामी. चार आठवड्यांनी सरासरी काढली. मुलांसोबत रोज ४ तास, म्हणजे आठवड्याला २०. आधी अर्धा तास आणि नंतर एक तास, असे साडेसात. नोंदी आणि साहित्य अडीच. एकूण ३०. पगार २० तासांचा ठरवला होता, म्हणजे तासाचा खरा दर कागदावरच्या दराच्या दोन तृतीयांश निघाला. शेजारच्यांना शिव्या देताना आमचंही हे चाललं होतं.

पुढची पायरी गुणतक्त्याची, म्हणजे प्रत्येक जागेच्या कामाला गुण देऊन तिची पगाराची श्रेणी ठरवण्याची. समान मूल्याच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारातच आहे, आणि त्यासाठी कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करा, असंही तो म्हणतो. त्यासाठी रूढ कसोट्या चार: कौशल्य, जबाबदारी, श्रम, कामाची परिस्थिती. आम्ही १०० गुण ४०, ३०, २०, १० असे वाटले. पहिल्या फेरीत हिशेबनिसाची जागा ताईंच्या वर गेली! कारण ‘श्रम’ म्हणजे ओझी उचलणं, एवढंच धरलं होतं. दिवसभर वाकणं, रडणारं मूल कडेवर घेणं, एका क्षणासाठीही नजर न हटवणं, हे तक्त्यात नव्हतंच. मुलं सांभाळणं बायकांना ‘उपजतच येतं’ असं धरलं की त्याचे गुण कोणी लावत नाही. तक्ता मालकाने एकट्याने भरू नये. निदान दोन ताई आणि एक मदतनीस बसवा, आणि गुण आधी वेगवेगळे लिहून मग एकत्र करा.

श्रेणी पाच ठेवल्या, दोन श्रेणींत ६ टक्क्यांचा फरक. पाचवी पहिलीपेक्षा साधारण २६ टक्के वर जाते. फक्त पहिली वाढवून बाकीच्या तशाच ठेवल्या, तर सहा वर्षं काम केलेली आणि कालची नवी जवळजवळ एकाच पगारावर येतात, आणि मग जाते ती जुनी.

आता फी. वर्गाचे २०० दिवस, त्यात प्रत्येकीची रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून २० दिवस. सहा जणींचे १२० दिवस, म्हणजे ०.६ माणूस. अंदाजपत्रक ६ चं नाही, ६.६ चं मांडायचं. नाहीतर बदली म्हणून दुसऱ्या गटाची मदतनीस ओढली जाते आणि १ ला ८ हे प्रमाण कागदावरच राहतं. फी ४८ जागांवर काढू नका. वर्षभराची सरासरी आमच्याकडे ४२ भरते. पगार उत्पन्नाच्या ६० टक्के असेल, तर पगारात २० टक्के वाढ म्हणजे फीत १२ टक्के. हा आकडा आम्ही दोन वर्षांत विभागला.

तिसरं मूलही आमच्याकडेच घालणाऱ्या एका पालकांनी तेव्हा सगळा हिशेब मागितला, ओळ न् ओळ तपासली आणि फीच्या पत्रकावर ‘दर शंभरातले साठ ताईंना’ हे वाक्य स्वतः घातलं. प्रवेश परत भरले त्यात त्या वाक्याचा वाटा मोठा.

पुढच्या सात वर्षांत फारसं काही घडलं नाही.

नव्याने वर्ग काढणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी: ताईच्या मुलाची फीमाफी पगारात धरू नका, ज्यांना लहान मूल नाही त्यांचा पगार त्याने आपोआप कमी होतो. प्रवेश आणण्यावर बक्षीस ठेवू नका, ताईचं लक्ष वर्गातून दारावर जातं. आणि सुट्टीचा पगार तोडू नका, शेजारी तोडत असले तरी.

यंदा वहीत सहावा रकाना आला: पालकांच्या संदेशांना संध्याकाळी दिलेली उत्तरं. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी दोन तास भरली. ३० चे ३२ झाले, आणि पुढच्या फीचं गणित आता त्यावर मांडतो आहोत.